वाशीच्या रॅपिडची तयारी: पांढऱ्यानेही तीच रचना, काळ्यानेही तीच

वाशीच्या बुद्धिबळाच्या रॅपिड (झटपट डावांच्या) स्पर्धेसाठी ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, अखेर ठरल्या. काळ्याकडून ई४ला (पांढऱ्याचं प्यादं ई स्तंभाच्या चौथ्या घरावर) कारो-कान, म्हणजे सी६चं उत्तर. पांढऱ्याकडून डी४, सी४, आणि समोरून ई६ आलं की डी५वर मारामारी करून मोकळं व्हायचं, म्हणजे क्वीन्स गॅम्बिटची एक्सचेंज लाइन. सिसिलियन आणि किंग्ज इंडियन या बचावांना या खेपेला सुट्टी. पंधरा मिनिटांच्या डावात सिसिलियनमधल्या नायडॉर्फची पुढची चाल आठवत कोण बसणार? नोकरी सांभाळून अभ्यासाला मिळतो तो वेळ ठाणे-वाशी लोकलमधला, आणि तिथेही ऐरोली-रबाळेला डबा रिकामा होईपर्यंत मोबाइल खिशातून काढायची सोय नसते.

या दोन ओपनिंग एकत्र घेण्यामागे कारण आहे. कारो-कानमध्ये ई४ सी६, डी४ डी५ झाल्यावर पांढऱ्याने डी५वर मारलं की आपण सीच्या प्याद्याने परत मारतो. सी स्तंभ आपल्याला अर्धा उघडा (त्यात आपलं प्यादं नाही), त्याला ई. वजिराच्या बाजूला आपली दोन प्यादी, त्याची तीन. एक्सचेंज क्वीन्स गॅम्बिटमध्ये पटावर हेच चित्र दिसतं, फक्त रंग उलटे. म्हणजे मायनॉरिटी अ‍ॅटॅक (कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर चाल करून जाणं) हा एकच बेत नीट घोटला की दोन्ही रंगांचं भागतं.

हा बेत पांढऱ्याच्या बाजूने असा: हत्ती बी१, मग बी४, समोर ए६ आलं असेल तर आधी ए४, आणि मग बी५. आपण सी६वर मारलं आणि त्याने बीच्या प्याद्याने परत घेतलं, की सी६चं प्यादं मागे राहिलं. त्याला सांभाळायला शेजारी प्यादं उरत नाही. हत्ती सी१वर आणायचा, घोडा ए४वरून सी५वर बसवायचा आणि घाई करायची नाही. त्याने आधीच बी५वर मारलं तर डी५ उघडं पडतं. काळ्याकडून खेळताना हेच बी५-बी४, लक्ष्य सी३, आणि घोडा ए५वरून सी४वर. गेले काही दिवस मी सरळ ही पोझिशन मांडून स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामशी खेळतोय, दोन्ही बाजूंनी. पहिल्या दहा चाली पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतोय.

लंडन ओपनिंगवाल्यांचाही यात परस्पर बंदोबस्त होतो, आणि आपल्या भागातल्या स्पर्धांत त्यांना तोटा नाही. डी४ डी५, उंट एफ४ सी५, ई३, आणि आपण डी४वर मारायचं. त्याने ईच्या प्याद्याने परत घेतलं की झालं कारो-कानचं एक्सचेंज. मारामारी करून ताण इतक्यात सोडू नये, वजीर बी६ला आणून बी२वर दाब द्यावा, असं आमच्या सोसायटीतले एक जुने खेळाडू म्हणतात. ‘अहो, फुकटचा ई स्तंभ कशाला देता त्याला?’ त्यांचं खरंही असेल. मला ओळखीची रचना हवी आहे.

एक्सचेंज म्हणजे बरोबरीची बोलणी असं वाटत असेल तर १९७० साली बेलग्रेडला झालेला फिशर-पेट्रोस्यान डाव लावून बघा. पेट्रोस्यान आदल्या वर्षापर्यंत जगज्जेता. फिशरच्या चाली अगदी साध्या: उंट डी३, सी३, उंट एफ४. काळ्याने उंट जी४ला काढला, वजीर बी३ला आला, त्यावर घोडा ए५, मग वजिराचा ए४वरून शह आणि उंट मुकाट डी७ला परत. पुढे फिशर जिंकला. मी घोडा ए५च्या जागी वजीर डी७ धरला आहे. बी७ सांभाळलं जातं आणि उंट जी४वरच राहतो.

पांढऱ्याने तिसऱ्या चालीला घोडा सी३ काढला तर ई४वर मारून उंट एफ५. त्या जागी घोडा डी७ मुद्दाम टाळलाय. पांढरा वजीर ई२ला आला आणि काळ्याने सवयीने दुसरा घोडा एफ६ला काढला, की घोडा डी६, मात! ई७चं प्यादं पिनमध्ये (हललं तर राजाला वजिराचा शह), मारणार कशाने? ही मात क्लासच्या पोरांना तोंडपाठ असते. ‘काका, तुमचं रेटिंग किती?’ असं घड्याळ सुरू व्हायच्या आधी विचारणारी हीच पोरं. त्यातून १९९७ साली डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या शेवटच्या डावात कास्पारोव्ह याच घोडा डी७मध्ये सापडला. सातव्या चालीला एच६ केलं, मशीनने ई६वर घोडा दिला, एकोणिसाव्या चालीला डाव संपला.

पांढऱ्याच्या वाटेवरही, म्हणजे क्वीन्स गॅम्बिटमध्ये, एक खड्डा आहे. उंट जी५, समोरून घोडा बी८वरून डी७, डी५वर मारामारी, आणि मग डी५चं प्यादं फुकट दिसू लागतं, कारण एफ६चा घोडा वजिराच्या पिनमध्ये. आपण घोड्याने घेतलं की तो बेधडक घोड्याने मारतो. आपण वजीर घेतो, तो उंट बी४ला आणून शह देतो, मध्ये आपला वजीर घालावाच लागतो. हिशेब संपतो तेव्हा आपला एक मोहरा कमी. तिथे निमूट ई३ करायचं.

लिचेस या साइटच्या एक्सप्लोररला (खेळल्या गेलेल्या डावांच्या नोंदींना) आपल्या पातळीच्या रेटिंगची चाळणी लावली, तर कारो-कानसमोर ई५ भरपूर दिसतं. ही रचना वेगळी, त्यामुळे थोडं पाठांतर आलंच. उंट एफ५, आणि एच४ आलं की लगेच एच५. तिथे ई६ केलं तर जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५, आणि उंट गेला. एरवी सी५ फोडायचं.

पॅनोव्ह (कारो-कानच्या एक्सचेंजनंतर पांढऱ्याचं सी४) या शनिवार-रविवारी बसून उरकायचाय. तिसऱ्या चालीला पांढऱ्याने एफ३ केलं, त्या फँटसीला तूर्त ई६ ठरवलंय. तिथे ई४वर मारून ई५ करणारं कुणी असेल, आणि रॅपिडमध्ये ते झेपत असेल, तर पुढे घोडा एफ३ आल्यावर काय करता तेवढं सांगा.