एकाच विमानातली दोन भाडी

गेल्या एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला मी आणि माझा मेव्हणा बरोबर गेलो. त्याचा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. मी तशाच एका कारखान्याची परदेशातली विक्री पाहतो, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा माझे जाणे होते. तो मात्र पहिल्यांदाच निघाला होता. बंगळूर ते फ्रँकफर्ट आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या आणि जेवणही तेच होते, पण त्याचे तिकीट माझ्यापेक्षा ६,४०० रुपयांनी स्वस्त पडले होते आणि त्यावर विमानाचा क्रमांकही वेगळाच छापलेला होता. ‘दाजी, खुर्ची सारखीच, मग पैसे वेगळे कसे ओ?’ हा त्याचा प्रश्न त्या वेळी मी हसण्यावारी नेला. नेहमीच्या प्रवाशांना विमान कंपन्यांच्या सभासद योजनांतून बक्षीस म्हणून ‘मैल’ मिळतात. परत आल्यावर त्याच्या खात्यात असा एकही मैल जमा झाला नाही, तेव्हा मात्र मला त्याला नीट उत्तर देणे भाग पडले.

विमान एका कंपनीचे असते, पण करारानुसार दुसरी कंपनी त्याच विमानाला आपला क्रमांक लावून तिकिटे विकते. यालाच कोडशेअर म्हणतात. काही करारांत विकणारी कंपनी ठरावीक खुर्च्या आधीच घेऊन ठेवते आणि त्या खपल्या नाहीत तरी तोटा सोसते. बहुतेक करारांत मात्र खुर्च्या विमान उडवणाऱ्या कंपनीच्याच हातात राहतात आणि विकणाऱ्या कंपनीला त्या मागणीप्रमाणे मिळतात. इकॉनॉमी वर्ग प्रवाशाला एकच दिसत असला, तरी कंपनीच्या हिशेबात त्याचे दहा-बारा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर दिलेले असते. वाय हे सहसा सर्वांत महाग अक्षर. तिथून खाली उतरत जाणारी अक्षरे प्रत्येक कंपनीची वेगळी. कोडशेअरमध्ये एका कंपनीचे अमुक अक्षर म्हणजे दुसरीचे तमुक, असा तक्ता ठरवलेला असतो. समजा, विमान उडवणाऱ्या कंपनीने आपला सर्वांत स्वस्त कप्पा बंद केला. तिच्या स्वतःच्या ग्राहकाला त्याच क्षणी वरच्या कप्प्याचे भाडे दिसू लागते. त्या वरच्या कप्प्याशी भागीदार कंपनीचे जे अक्षर जोडलेले असेल, त्याचे भाडे भागीदार कंपनीने स्वतःच्या हिशेबाने लावलेले असते आणि ते कमीही असू शकते, जास्तही. त्यात इंधनाच्या नावाने लावला जाणारा अधिभारही ज्याचा त्याचा वेगळा असतो. मेव्हण्याचे ६,४०० रुपये वाचले ते या फटीतून. उलटही घडते, आणि माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तरी उलटच घडलेले आहे, त्यामुळे भागीदाराचा क्रमांक म्हणजे स्वस्त क्रमांक हा समज निराधार आहे.

मैलांचा हिशेब याच अक्षरावर चालतो. बंगळूर ते फ्रँकफर्ट हे हवाई अंतर सुमारे ४,६०० मैल आहे. भागीदार कंपनीच्या तिकिटावर बहुतेक योजना या अंतराची टक्केवारी देतात: वरच्या अक्षराला शंभर टक्के, मधल्याला पन्नास, खालच्याला पंचवीस, आणि तळाच्या एक-दोन अक्षरांना काहीच नाही. म्हणजे त्याच खुर्चीवर कोणाला ४,६०० मैल मिळतील, कोणाला १,१५० आणि कोणाला शून्य. मेव्हण्याचे अक्षर नेमके शून्याच्या रांगेत होते. त्याने सभासद क्रमांक विमान उडवणाऱ्या कंपनीचा दिला होता, आणि बसलोय तर त्यांच्याच विमानात, हा त्याचा युक्तिवाद माणसाच्या तर्काला धरूनच होता. पण त्या योजनेने तिकीट कोणी विकले आणि कोणत्या अक्षराने विकले, एवढेच पाहिले.

माझे तिकीट विमान उडवणाऱ्या कंपनीनेच विकलेले असल्यामुळे मला मैल मिळाले, परंतु तेही अंतराप्रमाणे नव्हेत. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ साली आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ साली अंतराऐवजी खर्च केलेल्या पैशांवर मैल द्यायला सुरुवात केली. साध्या सभासदाला डॉलरमागे ५ मैल असा तो हिशेब होता. २०१८ साली लुफ्तान्साच्या आणि एअर फ्रान्स-केएलएमच्या योजनाही त्याच वाटेने गेल्या. या पद्धतीत मूळ भाडे आणि कंपनीचा अधिभार धरतात. विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर धरत नाहीत. गंमत अशी की ज्या योजनांनी स्वतःच्या तिकिटांवर पैशांचा हिशेब आणला, त्यांतल्या अनेकांनी भागीदारांच्या तिकिटांना अंतराची टक्केवारीच ठेवली, कारण दुसऱ्याच्या तिकिटावर किती पैसे आकारले गेले हे त्यांना दरवेळी कळतेच असे नाही. त्यामुळे लांबच्या आणि स्वस्त प्रवासाला भागीदाराचे मधल्या अक्षराचे तिकीट कधीकधी जास्त मैल मिळवून देते. तिकीट कोणाचे, हे ओळखण्यासाठी तेरा आकडी तिकीट क्रमांकातले पहिले तीन आकडे पाहावेत: ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० म्हणजे लुफ्तान्सा, १७६ म्हणजे एमिरेट्स.

कार्डावरच्या सवलतींचे मात्र वेगळे आहे. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाच्या गोल्ड कार्डावर, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला मिळणाऱ्या वरच्या दर्जाच्या कार्डावर, मिळणारे लाउंज, रांगेतले प्राधान्य आणि जादा सामान हे सारे विमान प्रत्यक्ष कोण उडवते यावर अवलंबून असते. मेव्हण्याच्या तिकिटावर मी बसलो असतो तरी लाउंजमध्ये मला प्रवेश मिळालाच असता. याउलट एकदा माझ्या तिकिटावर सदस्य कंपनीचा क्रमांक होता, विमान मात्र सदस्य नसलेल्या कंपनीचे होते, आणि लाउंजच्या दारातून मला परत फिरावे लागले. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ अशी एक बारीक ओळ असते, ती मी त्या दिवसापर्यंत वाचत नव्हतो.

बेळगावकरांपुढे आणखी एक अडचण असते. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बंगळूरला जाणारे इंडिगोचे विमान घेतले तर ती कंपनी कोणत्याही जागतिक अलायन्सची सदस्य नाही, त्यामुळे सांबऱ्यात गोल्ड कार्ड खिशातच राहते. हा टप्पा वेगळ्या तिकिटावर काढला, तर बंगळूरला बॅग उतरवून घ्यावी लागते आणि टर्मिनल एकवरून दोनला जाऊन पुन्हा द्यावी लागते. सांबऱ्याच्या विमानाला उशीर झाला आणि पुढचे विमान चुकले, तर ती जबाबदारी कोणीही घेत नाही. हाच टप्पा कोडशेअरने परदेशी कंपनीच्या तिकिटात बसत असेल, तर मी त्यासाठी हजार-दोन हजार जास्त मोजतो आणि त्याचे मैल मिळतात की नाही हे पाहतही नाही. कोडशेअरचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. चोर्ला घाटातून गोव्यातल्या मोपा विमानतळाला जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. तिथे घाट आणि पाऊस यांचा हिशेब आधी करावा लागतो.

मेव्हण्याने नंतर बोर्डिंग पास जोडून मैलांसाठी अर्ज केला आणि तो अपेक्षेप्रमाणे फेटाळला गेला. मी त्याला स्पष्ट सांगितले की दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याने अक्षराच्या नादी लागू नये. १,१५० मैलांत काही येत नाही, ६,४०० रुपयांत मात्र हॅनोव्हरच्या दोन दिवसांच्या जेवणाचा खर्च निघतो. माझे तसे नाही, कारण वर्षअखेरीस गोल्ड कार्ड टिकवायला थोडेच गुण कमी पडत असतील, तर तेवढेच रुपये मी डोळे मिटून देतो. पुढच्या एप्रिलची तिकिटे गेल्या आठवड्यात काढली. त्याने पुन्हा भागीदाराचाच क्रमांक घेतला, मी विमानवाल्या कंपनीचा. आणि कुंद्याचे डबे माझ्या जादा बॅगेत जातील, हे त्याने मला न विचारताच ठरवून टाकले आहे.