चाव्यांचा जुडगा
नेरुळला आज एका सार्वजनिक हॉलमध्ये नळ गळत होता, बादली भरून वाहतेय आणि वॉचमन म्हणतो थांबा, काका येतायत. काका आले पाऊण तासाने, सायकलवर. कमरेला चाव्यांचा जुडगा, प्रत्येक चावीला चिकटपट्टी गुंडाळून पेनने लिहिलेलं: पंप, गच्ची, मीटर. अशा पाच बिल्डिंगा एकटे बघतात, प्लंबर तेच, वायरमनही तेच. वॉशर स्वतःच्या खिशातून काढला, वर मागायला गेलं की सहीलाच आठवडा जातो म्हणे.

सुट्टी कधी घेता विचारलं तर हसले, "मी सुट्टी घेतली ना मॅडम, की पंप पण घेतो."

कंत्राटी आहेत. ठेकेदार तीनदा बदलला, काका तेच, दरवेळी नव्याने जॉइनिंग. आणि कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालीच आला होता!

उद्घाटनाच्या पाटीवर चौदा नावं आहेत, मी मोजली. काका थकले की ते चिकटपट्टीवरचं अक्षर कोणाला लागणार?