हात वाकडा पडला की

भाची पणजीला पोर्तुगीज शिकते, वर चार पैशांसाठी भाषांतरंही करते. परवा रात्री परभणीला फोन. "मामा, 'इम्प्रॉपर होल्ड' आलंय. मागे नाही, पुढे नाही, नुसते दोन शब्द." माझं पोर्तुगीज चावी, बादली, घमेलं आणि लिलाव एवढ्यावर संपतं. पण मामाला विचारलं म्हटल्यावर मामाने बोललंच पाहिजे.

तिची अडचण अशी, की हातातली वस्तू धरण्याला पोर्तुगीजमध्ये 'पेगा', आणि जागा ताब्यात असण्याला 'पॉस'. इंग्रजी 'होल्ड' दोन्हीकडे जेवतो. शिवाय विश्वासाने हाती दिलेली वस्तू गिळली, तर पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलच्या 1940च्या दंडसंहितेत त्याला स्वतंत्र कलम आहे, 168वं. मला आमच्या गल्लीत फिरायला गेलेली आमची शिडी आठवली.

"मराठीत काय म्हणाल?"

"कब्जा," मी म्हणालो. शब्द अरबी, मूळ अर्थ मुठीत धरणं. म्हणजे पेगा आणि पॉस एकाच घरात! निजामाच्या राज्यात आमच्याकडची दप्तरं उर्दूत चालायची. 17 सप्टेंबर 1948ला निजामी गेली, या शब्दाने कब्जा सोडला नाही. दाराच्या बिजागरीलाही आमच्याकडे कब्जाच म्हणतात.

पण मी तो पाहिला बांधावर. शेजारी दरसाल नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आमच्याकडे सरकायचा. भांडायला जावं तर म्हणायचा, "बैल वढतेत, म्या काय करू?" वडील मला लांबून दाखवायचे, "बैलाकडं नको बघू, रुमण्यावरचा हात बघ." रुमणं म्हणजे नांगर धरायचा दांडा. खरंच, वावराच्या मधोमध त्याची मूठ सरळ असायची. बांध जवळ आला की मनगट हळूच बाहेर वळायचं. ज्या बांधावरून डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेतलेले दोघं आरामात एकमेकांना ओलांडायचे, तिथं आता एकालाच तोल सांभाळावा लागतो.

एवढं ऐकून भाचीने 'पॉस इन्देव्हिदा' लिहून पाठवलं. बेकायदा कब्जा.

चौथ्या दिवशी ते परत आलं. मजकूर गवत कापायच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतला होता. दांडा कसा धरू नये, ते सांगणारा.