मागची सीट: आधी उतार, मग फोम, शेवटी डिकी

इंदूर ते पुणे मोटरसायकलवर साधारण ६०० किलोमीटर. मागे बसणारी व्यक्ती सेंधव्याच्या आतच चुळबुळ करायला लागते आणि परत आल्यावर गाडीवाला सीटवाल्याला सांगतो, "जरा मऊ करून दे." काम बिघडतं ते इथेच. मऊ सीट दुकानात दोन मिनिटं झकास लागते, पण तासाभरात तोच फोम दबून तळाला टेकतो आणि हाडं थेट खालच्या प्लास्टिकवर येतात. टूरिंगच्या बऱ्याचशा गाड्यांवर मागच्या सीटचं दुखणं कडकपणाचं कमी आणि पुढच्या बाजूला असलेल्या उताराचं जास्त असतं.

मानपूरच्या पुढे माळवा संपतो आणि रस्ता निमाडात उतरतो. त्या उतारावर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस सरकत पुढच्याच्या पाठीवर येतो, मग फुटरेस्टवर पाय रोवून स्वतःला मागे ढकलतो. मांड्या आणि कंबर भरून येतात ते या ढकलाढकलीनं. त्यावर कितीही जाड स्पंज घातला तरी घसरगुंडी तशीच राहते, उलट उंच होते.

उतार मोजायला मोबाइलमधलं लेव्हल पुरतं, पण सेंटर स्टँडवर मोजू नका. तिथे मागचा शॉकअप मोकळा लोंबतो आणि खरा कोन कळत नाही. आधी दोन माणसांचं वजन धरून प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) लावून घ्या. प्रीलोड वाढवला की मागची बाजू उचलली जाते, म्हणजे सीटचा उतारही वाढतो. हे उलट क्रमानं केलं तर सीट दुसऱ्यांदा उघडावी लागते. मग गाडी दोन चाकांवर सरळ धरून मागच्या सीटवर फूटपट्टी ठेवा आणि तिचा कोन लिहून घ्या. कॅरिअरचाही घ्या. आता दोघं बसा आणि तिसऱ्याला कॅरिअरचा कोन पुन्हा बघायला सांगा. कॅरिअर जितका मागे झुकला तितकीच सीटही झुकली. बसलेल्या स्थितीत सीट दोन-तीन अंश मागे कललेली हवी. २५ सेंटिमीटर लांबीच्या सीटवर एक अंश म्हणजे जवळपास ४.४ मिलिमीटर. समजा दोघं बसूनही ती तीन अंश पुढे उतरते आहे आणि दोन अंश मागे हवी आहे, तर पुढच्या कडेला साधारण २२ मिलिमीटरची पाचर लागेल, मागे शून्यावर येणारी.

दुसरी गोष्ट रुंदी. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, मागे बसणाऱ्या व्यक्तीला त्यावर पाच मिनिटं किंचित पुढे वाकून बसू द्या. पुठ्ठ्यावर बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर बहुतेकांचं १० ते १४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. बायकांचं सहसा थोडं जास्त. त्यात ६ सेंटिमीटर मिळवा. तेवढी सपाट जागा सीटच्या मागच्या भागात असलीच पाहिजे. पुढे मात्र कडा गोल करा, नाहीतर मांडीच्या आतल्या बाजूला धार लागते आणि पाय मुंग्या आल्यासारखे होतात.

आता फोम. दुकानदार "चाळीस डेन्सिटी" म्हणतो तो आकडा एका घनमीटरमागे किलोचा असतो. तो टिकाऊपणाचा अंदाज देतो, कडकपणाचा नाही. एकाच डेन्सिटीचे दोन तुकडे हातात घेऊन दाबले तर वेगळे लागू शकतात, म्हणून अंगठ्यानं नाही तर कोपरावर वजन टाकून पाहा. थर लावायचा तो खालून कडक, वर मऊ: मूळ फोम हवा तेवढा तासून घ्यायचा, त्यावर ८०-१०० डेन्सिटीचा रिबॉन्ड (फोमचा चुरा दाबून बनवलेला कडक फोम) १५ ते २० मिलिमीटर, पाचरही याचीच, वर ४० चा साधा फोम २० मिलिमीटर आणि सगळ्यात वर ६-८ मिलिमीटरचं मऊ अस्तर. मेमरी फोम घालायचाच असेल तर १० मिलिमीटरच्या वर नको. डिसेंबरच्या पहाटे तो लाकडासारखा होतो आणि मे महिन्यात पीठ. जेल पॅडचंही तेच: इंदूरच्या राजवाड्यापाशी तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ते तव्यासारखं तापतं आणि बराच वेळ निवत नाही. हवेची उशी स्वस्तात बरी पडते, पण लोक ती फुग्यासारखी फुगवतात. पूर्ण भरा, बसा, आणि हाडं तळापासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर राहतील इथपर्यंत हवा सोडा.

फोम चिकटवताना सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही इतकं सुकू द्या, मग जोडा. हाडांच्या जागी जवळजवळ लावूच नका. वाळलेल्या सोल्युशनचा पापुद्रा आत कडक पट्टी बनून टोचतो. रात्रभर मोकळं ठेवा. ओल्यावरच रेग्झिन ओढलं तर वाफ आत कोंडते आणि आठवड्याभरात वर फुगे दिसतात.

कव्हर शिवताना एकच हट्ट धरा: बसायच्या जागेवर शिलाई नको. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जातं आणि पावसाळ्यात फोम सुकत नाही. दोन दिवसांनी कोरड्या दिसणाऱ्या सीटवर बसलं की पँट ओली होते, ती याच कारणानं. शिलाई कडेला घ्या. जाळीचं कापड उन्हाळ्यात छान, पावसात पाणी धरून ठेवणारं. ते वरून घालायचं वेगळं कव्हर म्हणूनच ठेवा. रेग्झिन ओढण्याआधी वीसेक मिनिटं उन्हात टाका, सैल पडतं. रेग्झिन तळाला ठोकायच्या स्टेपल पिना स्टेनलेसच्या, ६ मिलिमीटरच्या. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजून तुटतात आणि ८-१० मिलिमीटरच्या पिना पातळ प्लास्टिकमधून वर येऊन फोममध्ये घुसतात. आधी पुढची मधली, मग मागची मधली, नंतर डावी-उजवी आळीपाळीनं. तळाच्या प्लास्टिकला पाणी जायचं भोक असतं, ते रेग्झिनखाली बुजू देऊ नका. खालचे रबरी बूच मोजून परत लावा. एक कमी पडला तरी सीटचा सगळा भार एका कोपऱ्यावर येऊन प्लास्टिक तडकतं. सीटचं कुलूप तळहाताच्या एका दाबानं लागायला हवं. बुक्की मारावी लागत असेल तर कुठेतरी रेग्झिनची घडी आत अडकली आहे.

आई साडीत एका बाजूला बसणार असेल तर खोलगट, खड्डा असलेली सीट करूच नका. तिला सपाट सीट, डाव्या बाजूची रुंद पायपट्टी आणि घट्ट हँडल लागतं. कॅरिअर बसवताना बरेच जण मूळ हँडल काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे धरायला पक्कं हँडल, फुटरेस्ट आणि निम्मं मागचं चाक झाकणारी जाळी असायलाच हवी. नियम नसता तरी ओढणी चाकात जाण्याचं कारण पुरेसं आहे.

डिकी, म्हणजे कॅरिअरवरची सामानाची पेटी, सीट पूर्ण झाल्यावरच बसवा, कारण २० मिलिमीटरनं माणूस वर गेला की पाठीची जागाही बदलते. माणूस ताठ बसलेला असताना पाठीची गादी कमरेला नुसती लागली पाहिजे. डिकी फार पुढे घेतली तर ती माणसाला पुन्हा पुढे रेटते आणि उताराचं सगळं काम वाया. फार मागे नेली तर काय होतं, त्याचा हिशेब सोपा आहे: १२ किलोची भरलेली डिकी मागच्या आसापासून ३० सेंटिमीटर मागे आणि चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर, तर पुढच्या चाकावरून अडीच किलो उचलले जातात. हे फारसं नाही. पण त्यात मागच्याचं रेलणं, वारा आणि लवचिक कॅरिअर मिळाले की ९० च्या पुढे हँडल थरथरतं. म्हणून पाण्याच्या बाटल्या, पाने, चेन लुब्रिकंट बाजूच्या बॅगांत खाली. डिकीत कपडे, रेनकोट, हेल्मेट. वजनाची मर्यादा डिकीच्या लिटरवर नसते, तिला कॅरिअरला धरून ठेवणाऱ्या पकडीवर असते. गिव्ही या इटालियन कंपनीच्या मोनोलॉक पकडीला ३ किलो आणि मोनोकीला १० किलो, एवढा फरक पडतो.

पाठीची गादी नुसत्या दुहेरी टेपवर टिकत नाही, माळव्याच्या उन्हात गोंद सरकतो. एम ५ चे (५ मिलिमीटर जाडीचे) चार बोल्ट, आतून २० मिलिमीटरचे रुंद वॉशर, बाहेर रबरी वॉशर आणि भोकात सिलिकॉन. बोल्टची डोकी आतल्या बाजूला चपटी ठेवा, नाहीतर हेल्मेटचा रंग जातो. गादी झाकणाच्या बिजागरीवर येता कामा नये, नाहीतर झाकण अर्धंच उघडतं. आणि ज्यांना पूर्ण वजन टाकून रेलायची सवय आहे त्यांच्यासाठी कॅरिअरला वेल्ड केलेला वेगळा पाठीचा चाप करा. डिकीची पकड त्या ओढीसाठी बनवलेलीच नसते.

कॅरिअर निदान चार जागी आवळलेला हवा. मूळ हँडलच्या बोल्टवर ५ मिलिमीटरची पट्टी चढवली की बोल्टही ५ मिलिमीटर लांब घ्या. एम ८ बोल्टचे आटे किमान ८ मिलिमीटर आत गेलेच पाहिजेत; जुनाच बोल्ट ताणून बसवला तर तीन-चार आट्यांवर सगळा भार येतो आणि पहिल्या खराब रस्त्यावर आटे सुटतात. निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि नट व पट्टी मिळून एक पांढरी रेघ ओढा.

पहिली फेरी पुण्याची नको. उज्जैन जाऊन-येऊन ११० किलोमीटर भरतं, तेवढं बास. परत आल्यावर पांढरी रेघ जुळते का पाहा, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर शोधा, आणि रात्री भिंतीसमोर दोघं बसून हेडलाइटचा झोत खाली करा. मागे वजन वाढलं की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.