मूळव्याध म्हणून आलेला पेशंट

मिरजेला एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर म्हणून मला 11 वर्षं झाली. रोज इतके पेशंट येतात की चेहरे लक्षात राहत नाहीत, पण 2024 च्या जूनमध्ये आलेले तासगाव साईडचे एक द्राक्षबागायतदार अजून डोळ्यासमोरून जात नाहीत. वय 41 फक्त.

कोलनोस्कोपीच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघायच्या आधी 2 लिटर पाण्यात कालवलेली पावडर प्यावी लागते, खारट असते, कुणालाच जात नाही, मी सगळ्यांना गार करून घोट घोट प्या म्हणून सांगते. शेवटी नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी पडलं की समजायचं पोट साफ झालं. दादांना विचारलं तर म्हणाले, "पाणीच पडतंय सिस्टर, पण रक्ताचं. मूळव्याध हाय ओ माझी, जुनी हाय."

जुनी म्हणजे दीड वर्ष. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा घरात सगळे म्हणाले उष्णता झाली, दिवसभर उन्हात फवारणी करतोय, म्हणून ताक आणि सब्जा सुरू. मग एका ठिकाणी मूळव्याधीचं औषध, तिथून दुसऱ्या ठिकाणी मलम आणि गोळ्या. मधेच दम लागायला लागला तर हिमोग्लोबिन 7.8 निघालं, त्याच्या वेगळ्या लोहाच्या गोळ्या. एवढं रक्त जातंय कुठून हे कुणी बघितलंच नाही. दिवसातनं सात-आठ वेळा जाऊन यायचं, थोडी आव आणि रक्त पडायचं आणि तरी परत जावंसं वाटायचं. छाटणी होऊ दे, माल जाऊ दे, असं करत हंगाम गेला. वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या पट्ट्याला मी स्वतः दोन नवीन भोकं पाडली बघा."

मी विचारलं, दादा, आतून बोट घालून कुणी तपासलं होतं का? दादा म्हणाले, नाही, कुणीच नाही, तुम्हीच पहिल्यांदा विचारताय.

मला तेव्हाही राग आला होता, आता लिहितानाही येतोय. हातमोजा आणि थोडी जेली लागते हो, एक मिनिटाचं काम. पेशंटला लाज वाटते आणि डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळे होतात.

दादांना डाव्या कुशीवर झोपवलं, थोडं झोपेचं इंजेक्शन दिलं. आमचे डॉक्टर सर स्कोप, म्हणजे ती कॅमेऱ्याची नळी, घालायच्या आधी दरवेळी बोटाने तपासतात. त्या दिवशी सरांचं बोट थांबलं, सर काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं आणि मी न सांगता बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला पाठवायची बाटली काढून ठेवली. स्कोप आत गेला, 5 सेंटीमीटरवरच गाठ, वेडीवाकडी, मधे जखम झालेली, टोक लागलं तरी रक्त येणारी. शेजारून स्कोप कसाबसा पुढे सरकला आणि वरच्या भागात आणखी एक दिसलं, शेंगदाण्याएवढा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, देठावर लोंबणारा, वरून अगदी गुळगुळीत. सरांनी तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे काढला, दादांना कळलंही नाही.

मी ते दोन्ही फोटो रिपोर्टला शेजारी शेजारी लावले आणि बराच वेळ बघत बसले. आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशा छोट्या पॉलिपपासूनच सुरू होतात आणि त्याला साधारण 10 वर्षं लागतात. म्हणजे खालची ती गाठ पण कधीतरी एवढीशीच असणार, कुणी बघितलं असतं तर तीही अशीच फासाने निघाली असती. अमेरिकेत 2021 पासून काही त्रास नसला तरी 45 व्या वर्षापासून ही तपासणी करा म्हणतात. आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा त्यात नाही. आणि दादा तर 45 चे पण नव्हते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत रक्त पडतंय हीच एक खूण होती आणि ती दीड वर्ष सगळ्यांच्या समोर होती.

पाच दिवसांनी बायोप्सी आली, कॅन्सरच. सीटी आणि एमआरआय झाला, लिव्हरमध्ये गेलेलं नव्हतं, तेवढं ऐकून वहिनी तिथेच खुर्चीत बसल्या. सरांनी समजावलं, आधी 5 आठवडे रेडिएशनचा शेक आणि सोबत किमोच्या गोळ्या, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. महात्मा फुले योजनेत बसलं. दादांचा एकच प्रश्न, ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर लावतात ती पिशवी कायमची लागणार का? सर म्हणाले, गाठ किती आकसते त्यावर आहे, पण बहुतेक काही महिन्यांची लागेल आणि नंतर काढता येईल. नंतर मी त्यांना पिशवी आणून दाखवली, हातात दिली, चिकटवायची कशी ते सांगितलं. ते कितीतरी वेळ ती उलटसुलट करत होते. मग म्हणाले, "ही लावून बागेत जाता येतंय न्हवं?" मी म्हटलं, येतं दादा.

निघताना सरांनी बजावलं, सख्ख्या भावाबहिणींची आणि पुढे मुलांची पण तपासणी करायची, वयाच्या 40 ला किंवा ह्यांना निघाला त्याच्या 10 वर्षं आधी, जे आधी येईल ते. मोठे भाऊ सोबतच आले होते, त्यांनी तिथेच तारीख घेतली. वहिनी मात्र दारातून परत आल्या, फाईल माझ्यापुढे ठेवली. मुलगा 14 वर्षांचा आहे म्हणाल्या, त्याचं कधी करायचं ते लिहून द्या, आमच्या ध्यानात राहणार नाही.

मी फाईलच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात मुलाचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे 2041.