कार्बनची एक उडी आणि आमचे नॅनोसेकंद

धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकत नाही. तसं असतं तर लोखंड आहे त्याच्या शेकडो ते हजारो पट कणखर निघालं असतं, भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेलने १९२६ मध्येच हा हिशोब मांडला होता. उत्तर मिळालं १९३४ साली, टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांना, वेगवेगळं: स्फटिकात रेषेसारखा एक दोष असतो, डिसलोकेशन, तो पुढे पुढे सरकतो आणि धातू थोडा थोडा करत वाकतो.

आता या रेषेच्या वाटेत परका अणू आला की काय होतं हे कॉम्प्युटरवर बघायचं, हे माझं काम. त्यातही माझा जीव लोखंडातल्या कार्बनवर. कार्बन लहान असल्यामुळे लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटीत बसतो, पण फट त्याला पुरत नाही म्हणून तो शेजारच्यांना ढकलतो, आणि डिसलोकेशनजवळ अणूंची जाळी आधीच ताणलेली असल्याने तिथे त्याला ऐसपैस जागा मिळते. तिथे बसून जी ऊर्जा वाचते ती साधारण अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाला अणूंची जी उष्णतेची धडपड चालू असते तिच्या जवळजवळ वीसपट, त्यामुळे एकदा चिकटला की सहजासहजी सुटत नाही. कॉट्रेल आणि बिल्बीने १९४९ मध्ये हे सगळं कागदावर मांडलं, वेळेनुसार किती कार्बन गोळा होईल तेसुद्धा (वेळेचा दोन तृतीयांश घात), आणि ते सुद्धा हाताशी असा कुठलाही कॉम्प्युटर नसताना! मला आजही तो पेपर उघडला की भारी वाटतं.

मग आम्ही काय करतो? लॅम्प्समध्ये, म्हणजे अणूंची हालचाल पावलापावलाने मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दहा लाख अणूंचा ठोकळा घ्यायचा. ऐकायला मोठा वाटतो पण एक बाजू जेमतेम २३ नॅनोमीटर. गाडीच्या दाराला वापरतात त्या बेक हार्डनिंग स्टीलमध्ये (रंग भाजताना कडक होणाऱ्या पोलादात) मोकळा, म्हणजे फटींत सुटा असलेला, कार्बन वजनाने दहा लाखात वीसेक भाग धरला तर या ठोकळ्यात कार्बनचे अणू येतात फक्त नव्वदेक, बाकी सगळं लोखंड. आणि गंमत बघा, ठोकळ्यातून आरपार जाणाऱ्या एका स्क्रू डिसलोकेशनच्या (डिसलोकेशनचाच एक प्रकार) रेषेवर जागासुद्धा तेवढ्याच, नव्वदच्या आसपास. म्हणजे सगळे कार्बन जाऊन चिकटले तर रेष पूर्ण भरून जाईल.

पण ते जातच नाहीत, आणि खरी अडचण इथेच आहे. आमच्या हिशोबाचं एक पाऊल एक फेम्टोसेकंदाचं, दहा लाख पावलं चाललो की एक नॅनोसेकंद. खोलीच्या तापमानाला कार्बन एका फटीतून दुसरीत उडी मारतो साधारण सेकंदाला एकदा, म्हणजे १०० कोटी नॅनोसेकंदांनी एकदा. बरं, गाडीचा रंग भाजायच्या भट्टीत, १७० अंश सेल्सिअसला, हा वेग साधारण पन्नास हजार पट वाढतो आणि वीस मिनिटांत पत्रा मस्त कडक होतो, तरी तिथेही एका उडीला दहा-वीस मायक्रोसेकंद लागतात. आमच्या नॅनोसेकंदात कार्बन जागचा हलत नाही. त्यात एका नॅनोसेकंदात १० टक्के ताण द्यायचा म्हणजे लॅबमधल्या टेन्साइल टेस्टच्या (नमुना ओढून बघायच्या चाचणीच्या) वेगावर अकरा शून्यं. डिसलोकेशन सुसाट निघून जातं, कार्बन बघत बसतो, आणि आलेखावर जी थोडीशी वाढ दिसते तिला लोक 'अशुद्धीमुळे आलेला कणखरपणा' म्हणून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे की हा अर्धाच प्रश्न आहे, उभ्या असलेल्या कार्बनचा. पत्र्याचा यील्ड पॉइंट, म्हणजे तो कायमचा वाकायला लागतो तो ताण, ज्याच्यामुळे आधी वर जातो आणि मग धाडकन खाली येतो तो कार्बन आधी चालत येऊन बसलेला असतो.

म्हणून आता मी चालवायच्या आधी बसवतो. मॉन्टे कार्लोने, म्हणजे फासे टाकल्यासारखं, कार्बनचे अणू उचलून दुसऱ्या फटीत ठेवून बघायचे, ऊर्जा कमी झाली तर ठेवायचे, वाढली तर तापमानाप्रमाणे कधी ठेवायचे कधी नाही, असं करत करत ते आपोआप रेषेभोवती वलय करून जमतात. मग ओढायचं. रेष सुटताना लागणारा जोर मग स्वच्छ वेगळा दिसतो. हे नुसतं कागदावरचंही नाही, १९९९ मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या लोकांनी अ‍ॅटम प्रोबने (नमुन्यातला एकेक अणू ओळखणाऱ्या यंत्राने) लोह-अ‍ॅल्युमिनियममध्ये बोरॉनचं असं वलय अणू अणू मोजून दाखवलं होतं.

नवीन पोरं विचारतात कुठलं पोटेन्शियल (अणूंमधल्या ओढाताणीचं सूत्र) घेऊ, तर आधी दोन गोष्टी तपासा: कार्बन सहा लोखंडांच्या मधल्या, अष्टफलकी फटीतच बसतो का, आणि उडीचा अडथळा ०.८५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ येतो का. हे जुळत नसेल तर पुढचे रंगीत व्हिडिओ कितीही सुंदर असू देत, उपयोग नाही. आणि दोन्ही जुळलं तरी रेषेच्या अगदी गाभ्यात भरवसा ठेवू नका, कारण डीएफटीने (इलेक्ट्रॉनपासून सुरू होणाऱ्या क्वांटम हिशोबाने) दाखवलंय की कार्बन आला की लोखंडातल्या स्क्रू डिसलोकेशनचा गाभाच आपली रचना बदलतो आणि कार्बनभोवती नव्याने जुळतो. डीएफटीला काहीशेच अणू झेपतात, त्यामुळे गाभा तिकडून, वलय मॉन्टे कार्लोतून आणि ओढाओढ लॅम्प्समध्ये, अशी तीन तुकड्यांची जोडाजोड सध्या चालू आहे.