डबा उठला पाहिजे : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. त्याच्याच पोटमाळ्यावर मी कंट्रोल पॅनेलच्या दुरुस्तीला सुरुवात केली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून बोलावणी यायची. इंडक्शन भट्टीचं तापमान आणि वीजवापर नोंदवणारा डबा करून द्या, ही मागणी तिथूनच आली. ऑलविनर चिपचा, लिनक्स चालवणारा तयार बोर्ड घेतला, त्यावर आमचा प्रोग्रॅम टाकला आणि डबे बसवू लागलो. बूटलोडर, म्हणजे वीज आल्यावर बोर्ड उठवून लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, हे बोर्ड विकणाऱ्याचं काम, असंच तोवर धरून चाललो होतो. त्यानं दिलेली इमेज, म्हणजे सगळ्या सिस्टिमची तयार प्रत, मेमरी कार्डावर उतरवायची, की झालं.

मग एका खेपेला पंचवीस कार्डं तयार केली आणि एकही बोर्ड उठेना. बोर्ड उठताना काय म्हणतो ते लॅपटॉपवर दाखवणारी सिरियल केबल 115200 बॉडच्या वेगावर जोडली, तर तिथंही एक अक्षर नाही. दोन रात्री घालवल्यावर कारण सापडलं. या चिपच्या रॉममधला, म्हणजे चिपमध्येच कायमचा असलेला, कोड कार्डाच्या सुरुवातीपासून 8 किलोबाइटवर यू-बूट या आमच्या बूटलोडरचा पहिला तुकडा, म्हणजे एसपीएल, शोधतो. आम्ही त्या खेपेला पहिल्यांदाच जीपीटी पद्धतीची पार्टिशनं, म्हणजे कार्डाचे भाग, केली होती, आणि तीही यू-बूट लिहून झाल्यावर. जीपीटीचा तक्ता कार्डाचे पहिले 17 किलोबाइट व्यापतो. एसपीएल आम्ही आमच्याच हातानं पुसला होता. जुन्या एमबीआर तक्त्याला पहिले 512 बाइट पुरतात, म्हणून आधी कधी अडलं नव्हतं.

तेव्हापासून इमेज आम्हीच बांधतो. यू-बूटचा सोर्स खुला आहे, आणि वोल्फगांग डेंक यांनी उभ्या केलेल्या त्या कामाचे आमच्यासारख्या छोट्या फर्मवर फार उपकार आहेत.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुलाच्या शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. वीज परत आली ती झटके देत. एका फौंड्रीतून फोन आला, "साहेब, डबा उठंना झालाय." मी कोल्हापुरात, डबा पाण्यापलीकडं. बोर्ड किती वेळा चालू झाला याचा आकडा आम्ही दर वेळी यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्याची सेटिंग साठवायच्या जागेत, लिहीत होतो. लिहिता लिहिता वीज गेली, सीआरसी, म्हणजे लिहिलेलं शाबूत आहे का ते तपासणारा आकडा, जुळेना, आणि यू-बूटनं आमची सेटिंग सोडून मूळची घेतली. त्यात आमच्या पार्टिशनचा पत्ताच नव्हता. बोर्ड बिचारा नेटवर्कवर सिस्टिम शोधत बसला. पाणी ओसरल्यावर लॅपटॉप घेऊन गेलो आणि एकेक डबा उठवला. त्या मालकांनी एका शब्दानं सुनावलं नाही, उलट जेवायला घातलं. ते मला अजून लागून राहिलंय.

आता एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी. चालू होण्याचा आकडा फक्त अपडेट टाकल्यावर लिहिला जातो. नवी सिस्टिम तीनदा उठली नाही तर यू-बूट आपोआप जुनीकडे वळतं. आमची मूळ सेटिंगही बांधतानाच आत घातलेली असते. शेतात, कारखान्यात बसलेल्या डब्याचं यू-बूट आम्ही लांबून बदलत नाही. ग्राहकानं कितीही आग्रह केला तरी नाही.

चिपच्या टंचाईत रॅमची वेगळी बॅच आली. ऑफिसात बोर्ड ठीक चालायचे, भट्टीशेजारी उन्हाळ्यात अडकायचे. एसपीएलमध्ये रॅमचा क्लॉक, म्हणजे तिचा वेग, 624 मेगाहर्ट्‌झवरून 576 वर आणला आणि प्रश्न मिटला. त्यानंतर रॅमची प्रत्येक नवी बॅच आधी गरम पेटीत रात्रभर चालवून बघतो.

आज आम्ही सहा जण आहोत, पोटमाळा मात्र तोच. टेबलावर एक रिले आहे, तो बोर्डाची वीज मनाला येईल तेव्हा तोडतो. पाचशे वेळा वीज जाऊन पाचशे वेळा बोर्ड उठला, तरच ती इमेज बाहेर पडते. सध्या गुऱ्हाळासाठी काहिलीचं तापमान दाखवणारा डबा करतोय. हंगामाच्या आधी गुळव्याच्या हातात द्यायचाय. काल संध्याकाळपर्यंत त्याचे तीनशे बारा झाले होते.